नळी किती लांब असावी?

गेल्या महिन्यांत या सदरांत, वयस्कर मनुष्यानें चष्मा केव्हां बदलावा याविषयीं चार शब्द लिहिले होते. या महिन्याचा विषय ऐकून मात्र आमच्या कित्येक वाचकांच्या भुंवया वर जातील. ज्या घरांत उंदीर मारावयाचा झाला तरी शेजारच्या गड्यास हांक मारावी लागते, त्या घरांत रिव्हॉल्व्हरची नळी किती लांब असावी या प्रश्नावर तीन दिवस वाद चालला, असें सांगितलें तर कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु तो चालला. आणि त्यांतून मला जें शिकावयास मिळालें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

माझे वडील बंधू आतां नाहींत. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बारा वर्षांपासून अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत राहतो. बरोबर पत्नी आणि चार वर्षांची कन्या. गेल्या श्रावणांत त्याचें पत्र आलें. हल्लीं पत्र म्हणजे संगणकावर क्षणांत येऊन पडणारा मजकूर. परंतु मी तो कागदावर उतरवून घेतों, एरवीं तें पत्र आहे असें मला वाटतच नाहीं. कचेरींतील एका स्नेह्याबरोबर तो तीन-चार वेळां नेमबाजीच्या मैदानावर गेला होता. तेथें त्यास जुन्या धाटणीचें, सहा बारांचें रिव्हॉल्व्हर हाताळावयास मिळालें, आणि तसें एक स्वतःचें असावें असें त्याच्या मनानें घेतलें. दुकानदारानें एकाच घडणीचीं तीन हत्यारें पुढें ठेविलीं. एकाची नळी पावणेपांच इंच, दुसऱ्याची साडेपांच, तिसऱ्याची साडेसात. पत्राच्या शेवटीं ओळ होती, "काका, मोजमापाची गोष्ट आहे म्हणून तुम्हांलाच विचारतों. कोणती लांबी घेऊं?"

वहिनींनीं तें ऐकून हातांतलें सूप खालीं ठेविलें. "भावोजी, घरांत चार वर्षांची पोर आहे. तुम्ही एकदां नको म्हणा; तो तुमचें ऐकेल." आमच्या सौभाग्यवतींनींही मान डोलविली. थोरली सून मात्र हळूच म्हणाली, "पण भाऊजींनीं 'घेऊं का' असें विचारलेंच नाहीं. 'कोणती घेऊं' असें विचारलें आहे." सूनबाई वकिलाची मुलगी आहे.

एरवीं मी वहिनींचें म्हणणें तत्काळ मान्य करून दोन ओळींचें उत्तर धाडलें असतें. पण एक जुनी गोष्ट आडवी आली. हा मुलगा पंधरा वर्षांचा असतांना शाळेंतील छात्रसेनेंत होता. रायफलच्या नेमबाजीच्या शिबिरासाठीं त्याची निवड झाली आणि वडिलांची संमति हवी होती. बंधू फिरतीवर असल्यामुळें कागद माझ्यापुढें आला. बंदूक कोणती, शिकविणारा कोण, व्यवस्था कशी, यांतलें कांहींएक न विचारतां "आपल्या घराण्यांत हें नाहीं" एवढेंच म्हणून मीं तो परत केला. मुलगा म्हणाला, "मग द्रोणाचार्यांनीं पक्ष्याचा डोळा विचारल्याची गोष्ट तुम्ही वर्गांत कशाला शिकवतां?" मीं त्यास उद्धट म्हटलें. तो उद्धट नव्हता. त्याचा प्रश्न बिनतोड होता आणि माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून त्यानें मला नमस्कार करण्यास कधीं चुकविलें नाहीं. पण प्रश्न मात्र पुनः एकही विचारला नाहीं. एकवीस वर्षांनीं आलेला हा पहिला प्रश्न. त्यालाही अभ्यास केल्यावांचून उत्तर देणें, हें जन्मभर मास्तरकी केलेल्यास शोभलें नसतें.

तेव्हां मीं अभ्यास केला. आमच्या आळींत सैन्यांतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांची ओटी मीं आठ दिवस सोडली नाहीं. पुतण्यानें धाडलेलीं पत्रकें वाचलीं, या शस्त्राचा इतिहास वाचला. शास्त्राच्या रीतीनें आधीं लक्षण पाहूं, मग प्रयोजन.

या जातीस सिंगल ॲक्शन म्हणतात. म्हणजे प्रत्येक बारास घोडा अंगठ्यानें मागें ओढून चढवावा लागतो. चापाचें काम तो सोडण्यापुरतेंच. मध्यें सहा घरांचें एक चक्र असतें. घोडा चढवितांना तें एक घर पुढें सरकतें आणि नवें काडतूस नळीच्या समोर येतें. काडतुसें भरावयाचीं तीं बाजूच्या लहानशा झडपेंतून एकेक. आणि रिकामीं टरफलें काढावयाचीं तींही एकेक, नळीच्या उजव्या अंगास बसविलेली सळई मागें दाबून. थोडक्यांत, घाईच्या मनुष्याचें हें हत्यार नव्हे. नळी मोजावयाची ती तोंडापासून चक्राजवळच्या टोकापर्यंत. काडतूस बसतें तें घर या मापांत येत नाहीं. मुठींत काडतुसें भरावयाच्या पिस्तुलांत मात्र तें घर नळींतच असल्यामुळें मापांत धरतात. म्हणून या दोन जातींचे इंच एकमेकांशीं ताडून पाहणें हें पायलीनें दूध मोजण्यासारखें आहे.

आतां या तीन लांब्या आल्या कोठून? सॅम्युअल कोल्ट यास फिरत्या चक्राच्या शस्त्राचें अमेरिकन पेटंट १८३६ सालीं मिळालें. १८४७ सालीं त्याचें वॉकर नांवाचें रिव्हॉल्व्हर निघालें. त्याची नळी नऊ इंच आणि वजन साडेचार पौंड, म्हणजे दोन किलोंच्या घरांत. तें कमरेस लावावयाचें नव्हतेंच. खोगिराला अडकविलेल्या चामडी म्यानांत घोड्यानें तें वाहावयाचें. पुढें १८७३ सालीं अमेरिकन सैन्यानें कोल्टचें सिंगल ॲक्शन आर्मी हें रिव्हॉल्व्हर स्वीकारलें. आज पुतण्यापुढें ठेविलेल्या तिन्ही हत्यारांचें मूळ हेंच. घोडदळासाठीं नळी साडेसात इंच ठेविली. मूळच्या काडतुसांत चाळीस ग्रेन काळी दारू असे, आणि या सावकाश जळणाऱ्या दारूस काम करावयास लांब नळी सोयीची पडे. १८७६ सालीं लिटल बिगहॉर्नच्या रणांत कस्टरच्या घोडेस्वारांपाशीं हींच होतीं. पुढें १८९० नंतरच्या दशकांत सैन्यानें आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नळ्या कापून साडेपांच इंचांच्या केल्या. १८९८ च्या स्पेनशीं झालेल्या युद्धांत तीं वापरांत होतीं. पावणेपांच इंच ही नागरिकांची आवड. टरफलें काढणाऱ्या सळईचें आवरण जेथें संपतें, तेथेंच ही नळी संपते; याहून आखूड करावयाची तर सळईच आखूड करावी लागते किंवा अजिबात सोडावी लागते.

या आखूड नळीविषयीं एक मौजेचें पत्र उपलब्ध आहे. पूर्वीं शेरिफ राहिलेला बॅट मास्टरसन यानें १८८५ च्या जुलै महिन्यांत कॅन्सस प्रांतांतील डॉज सिटीहून कोल्ट कंपनीस लिहिलें, कीं नळी सळईच्या लांबीइतकीच असावी, चाप हलका असावा, आणि पुढची माशी नेहमींपेक्षां कांहींशी उंच व जाड असावी. पाहा, ज्याच्या नांवानें लोक दचकत, त्यानेंही लांबीबरोबर माशीची चिंता केली. कारण आखूड नळींत नजरेची सोय कमी होते हें तो जाणून होता. याच्या उलट वायट अर्प याच्याजवळ बारा इंच नळीचें रिव्हॉल्व्हर होतें, ही कथा १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्रामुळें जगभर पसरली. तिला पुरावा सांपडत नाहीं. तरीही पुढें चित्रवाणीवर ती कथा गाजली आणि १९५७ सालीं कोल्ट कंपनीनें खरोखरच बारा इंचांचें रिव्हॉल्व्हर विक्रीस काढलें. आधीं दंतकथा आणि मागाहून वस्तु, असा हा उलटा क्रम!

इतिहास झाला, आतां गणित. हा भाग आमच्या ओटीवर प्रत्यक्ष करून पाहिला, वाचकांनींही मुलांकडून करवावा. एका लांकडी फूटपट्टीवर मेणानें दोन टांचण्या उभ्या कराव्या, प्रथम सहा इंचांच्या अंतरावर. मागची टांचणी म्हणजे रिव्हॉल्व्हरची मागची खाच, पुढची म्हणजे माशी. एक डोळा मिटून दोन्ही टांचण्या भिंतीवरच्या खुणेशीं एका रेषेंत आणाव्या. आतां समजा, पुढची टांचणी साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, म्हणजे इंचाच्या सुमारें शंभराव्या हिश्शानें चुकली. पंचवीस यार्डांवर, म्हणजे ९०० इंचांवर, ही चूक किती होईल? साधें त्रैराशिक आहे. सहा इंचांत शंभरावा हिस्सा, तर ९०० इंचांत दीड इंच. तीच टांचणी नऊ इंचांवर ठेविली तर चूक एकच इंच. लांब नळीचा मुख्य गुण तो हाच. नळी लांब म्हणून गोळी स्वभावतः अधिक सरळ जाते, असा समज पुष्कळांचा असतो. पण सुभेदारांनीं सांगितलें कीं चांगल्या घडणीची आखूड नळीही पक्क्या टेकूवर बसविली तर तितकाच नेमका मारा करते. लांबीनें सुधारते ती गोळी नव्हे, आपली नजर.

दुसरा गुण गतीचा. दारूचा वायु गोळीस जितका वेळ ढकलतो तितकी ती वेग घेते. काडतुसागणिक फरक पडतो. पण या हत्यारांत दर इंचास सेकंदाला साधारण पंचवीस ते पन्नास फुटांचा वेग कमी-जास्त होतो असें धरावें. शिकाऱ्यास याचें महत्त्व आहे. कागदाच्या लक्ष्यास नाहीं. कागद सावकाश गोळीनेंही फाटतोच. तिसरी गोष्ट आवाजाची. नळी आखूड म्हणजे तोंड आपल्या चेहऱ्याच्या जवळ, म्हणून धडाका आणि ज्वाळा अधिक जाणवते. कानांस बोळे आणि डोळ्यांस चष्मा मात्र कोणत्याही लांबीस हवाच.

चौथी गोष्ट तोलाची. लांब नळीचें वजन पुढें पडतें. त्यामुळें बार झाल्यावर तोंड कमी उसळतें आणि माशी थरथरत नाहीं, हा लाभ. परंतु तेंच वजन हात पुढें ताठ केला असतां तरफेच्या टोकाशीं येतें. पाण्यानें भरलेला तांब्या छातीशीं धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे समजेल. पांचवी गोष्ट बाळगण्याची. साडेसात इंचांचें हत्यार कमरेस लाविलें तर खुर्चीवर बसतांना म्यानाचें टोंक खालीं टेकतें, मोटारींत तें अडतें, आणि बाहेर काढावयास हात खांद्यापर्यंत वर न्यावा लागतो. पावणेपांच इंचांचें सुळकन् निघतें. जनरल पॅटन यानें १९१६ सालीं घेतलेलें हस्तिदंती मुठीचें प्रसिद्ध कोल्ट होतें, तें याच पावणेपांच इंचांचें.

एवढें झाल्यावर मीं उत्तर लिहिलें. त्यांतील सार असें :

"चि. बाळ, अनेक आशीर्वाद. तूं लांबी विचारलीस. मी प्रयोजन विचारतों. रानावनांत हिंडतांना कमरेस बाळगावयाचें असेल तर पावणेपांच. घोड्यावर बसावयाचें असेल किंवा केवळ कागदाच्या लक्ष्यावर सावकाश नेम धरावयाचा असेल तर साडेसात. दोन्ही थोडें थोडें हवें असेल तर साडेपांच. तुझ्या पत्रांत मैदानावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं, म्हणून गणितानें साडेसात येतें. मला तें आणखी एका कारणानें आवडतें. तें उशाखालीं मावत नाहीं, खिशांत मावत नाहीं. आपण मैदानाचें हत्यार आहों हें तें लपवीत नाहीं. घेण्यापूर्वीं मात्र तिन्ही लांब्या भाड्यानें किंवा उसन्या घेऊन एकेक दिवस चालवून पाहा.

"आतां न विचारलेलें सांगतों, रागावूं नकोस. धोक्याच्या बाबतींत नळीची लांबी काडीमात्र उपयोगी नाहीं. जुन्या घडणीच्या या रिव्हॉल्व्हरांत घोडा खालीं असतां त्याचें टोंक काडतुसावरच टेकलेलें असतें. हातून पडलें तर बार होऊं शकतो. म्हणून जाणते लोक सहा घरांत पांचच काडतुसें भरून घोड्याखालचें घर रिकामें ठेवीत आले. रुगर कंपनीनें १९७३ पासून आपल्या रिव्हॉल्व्हरांत एक मधली पट्टी घातली आहे. चाप पुरा दाबल्यावांचून घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत पोंचत नाहीं. अशा घडणीचें घे. आणि घरांत तें कधींही भरलेलें असूं नये. लोखंडी पेटी, तिला कुलूप. काडतुसें निराळ्या जागीं, त्यांना निराळें कुलूप. चार वर्षांच्या मुलीच्या अंगठ्यांत घोडा ओढण्याची शक्ति नसते असें कोणी सांगेल. दोन हातांत असते, हें मी चाळीस वर्षें मुलें पाहिलेला मनुष्य सांगतों. किल्ली कोठें आहे हें तिला कळणार नाहीं असें समजूं नकोस. लाडवांचा डबा कोठें आहे हें आपल्या घरांत कोणत्या मुलास कळलें नाहीं? आणि शेवटचें, सूनबाईंची मनापासून संमति नसेल तर एकाही इंचाचें घेऊं नकोस. घर दोघांचें आहे.

"एकवीस वर्षांपूर्वीं तुझा कागद मीं न वाचतां परत केला. तें चुकलें."

हा शेवटचा परिच्छेद लिहावयास मला बाकीच्या सर्व पत्राहून अधिक वेळ लागला, हें येथें नमूद करतों. वहिनींनीं पत्र ऐकून घेतलें. त्यांचें समाधान झालें नाहीं. "एवढें सगळें लिहिण्यापेक्षां नको हा शब्द लहान होता," असें त्या म्हणाल्या. खरें आहे. पण तो लहान शब्द मी एकदां वापरला होता, आणि त्याची किंमत एकवीस वर्षें मोजली होती.

दीड महिना उत्तर नव्हतें. मग दोन पत्रें एकदम आलीं. पुतण्यानें लिहिलें, "काका, तुमच्या सांगण्याप्रमाणें तिन्ही चालवून पाहिलीं. पहिल्या दहा बारांत साडेसात इंचच श्रेष्ठ ठरलें, अगदीं तुमच्या त्रैराशिकाप्रमाणें. पण तिसावा बार होईतों हात खालीं यायला लागला आणि माशी डोलूं लागली. साडेपांच इंचांत पन्नासाव्या बारालाही हात स्थिर होता. गोळ्यांचीं भोकें मोजून कागद सोबत जोडले आहेत."

कागद मीं मोजले. त्याचें म्हणणें बरोबर होतें. माझ्या गणितांत नजरेची चूक धरली होती, थकलेल्या हाताची धरली नव्हती. लांबी वाढविल्यानें पहिली घटते आणि दुसरी वाढते; मनुष्यागणिक त्यांचा मेळ निराळ्या ठिकाणीं बसतो. हें उत्तर कोणत्याही पुस्तकांतून किंवा वाईस बसलेल्या काकाकडून मिळण्याजोगें नव्हतें. तें त्याच्या दंडांतच होतें. माझ्या पत्रांतील एकच वाक्य खरोखर उपयोगी पडलें, आणि तें म्हणजे घेण्यापूर्वीं चालवून पाहा.

दुसरें पत्र सूनबाईंचें. तिनें लिहिलें कीं आपणही एकदां मैदानावर जाऊन हें काय आहे तें पाहून आलों. आवाज आवडला नाहीं, शिस्त आवडली. अट घातली ती अशी कीं पेटी आधीं यावी, रिव्हॉल्व्हर मागाहून. त्याप्रमाणें भिंतीस बोल्टांनीं जखडलेली लोखंडी पेटी येऊन तीन आठवडे झाले. ती अद्याप रिकामी आहे. तीन आठवड्यांत मुलीनें ती उघडण्याची किती वेळां खटपट केली हें तिनें भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर टिपून ठेविलें आहे. अकरा वेळां.

हा आंकडा मीं वहिनींना वाचून दाखविला. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "सून शहाणी आहे." आणि पुनः सूप हातांत घेतलें.

ज्या वाचकांच्या घरचीं मुलें दूरदेशीं आहेत, त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे. त्यांच्याकडून आपल्या घराण्यांत कधीं न आलेला प्रश्न आला, तर प्रथम तो प्रश्न काय आहे तें नीट वाचावें. विरोध करावयाचा तर अवश्य करावा, पण वस्तु समजून घेऊन करावा. हें रिव्हॉल्व्हर पेटींत येईल कीं नाहीं, हें मला आज सांगतां येत नाहीं. तो निर्णय त्या दोघांचा आहे. काल मात्र पुतण्याचा आणखी एक प्रश्न आला आहे, आणि तो मुलीला मराठी बाराखडी कोणत्या वयापासून शिकवावी याविषयींचा आहे. त्याचें उत्तर पुढील अंकीं.